पहिला सुजलेला गुडघा

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, पाय ठणकतायत पण लिहून टाकते, नाहीतर उद्या विसरेन.

आज फिजिओथेरपीच्या पोस्टिंगचा पहिला दिवस, ऑर्थो म्हणजे हाडांच्या वॉर्डात. दोन वर्षं आम्ही एकमेकींवरच प्रॅक्टिस केली, म्हणजे सगळे गुडघे विशीतले, धडधाकट, 135 अंशांपर्यंत आरामात वाकणारे. मसल टेस्टिंग म्हणजे स्नायूंची ताकद तपासणं शिकताना तर सगळ्यांची ग्रेड 5 च, म्हणजे पूर्ण ताकद, मग कुणीतरी ग्रेड 2 चा अभिनय करायचा, पाय उचलता येत नाहीये असं तोंड करायचं आणि खालून बाकीच्या हसायच्या. त्यावर आम्हाला मार्कही मिळाले!

आज मॅडमनी गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची दोन भुजांची पट्टी, हातात दिला आणि म्हणाल्या, या काकूंचं नी फ्लेक्शन घे, म्हणजे गुडघा किती वाकतो ते. गुडघा बदलून चार दिवस झालेले. व्हायवात मी धडाधड सांगितलं होतं, मध्य लॅटरल एपिकॉन्डाइलवर (गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा हाडाचा उंचवटा), एक भुजा ग्रेटर ट्रोकँटरकडे (खुब्याजवळचा), दुसरी लॅटरल मॅलिओलसकडे (घोट्याचा बाहेरचा). पण इथे एपिकॉन्डाइल सापडतोय कुठे, सूज एवढी की बोटाखाली नुसतं गरम, टणक काहीतरी, हाड नाहीच. अंदाजाने लावला, टाच सरकवायला सांगितली, काकूंनी दात आवळले, रिडिंग आलं 68. मैत्रिणीने घेतलं तर 74. दोन माणसांच्या मोजण्यात 5 अंशांचा फरक चालतो म्हणतात, आम्ही तोही ओलांडला.

मग मॅडम आल्या. गोनिओमीटर बाजूलाच ठेवला. स्टूल ओढून बसल्या, एक तळवा मांडीवर, दुसरा टाचेखाली, आणि विचारलं, काकू रात्री झोप लागली का? काकू बोलायला लागल्या, सुनेबद्दल, शेजारच्या बेडवाल्या बाईच्या घोरण्याबद्दल, आणि बोलता बोलता मांडी सैल पडत गेली, मला नुसतं बघूनही कळत होतं. श्वास सोडा म्हणाल्या, पाय थोडा आला, थांबल्या, परत थोडा. तेव्हा मोजलं तर 82. गुडघा तोच, दहा मिनिटांचा फरक. म्हणजे मी मघाशी सांध्यापेक्षा काकूंची भीतीच जास्त मोजली होती. मग मॅडमनी माझा हात मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या आता टाच सरकव. वेदना सुरू व्हायच्या आधी क्वाड्रिसेप्स, मांडीचा पुढचा स्नायू, किंचित थरथरतो, चेहरा बदलायच्या आधी. एवढं हलकं की गोनिओमीटरवर डोळे लावून बसलं की हमखास निसटतं.

दुपारी न्यूरो वॉर्डात तर लाजच वाटली. स्ट्रोकचे एक काका, डावी बाजू गेलेली, बेडवरून व्हीलचेअरवर न्यायचं होतं. मी ब्रेक लावले, फूटरेस्ट बाजूला केली, सगळं बरोबर, आणि ऐन उठवताना माझा हात सरळ त्यांच्या लुळ्या हाताकडे गेला, ओढायला. सरांनी मधेच मनगट धरलं, माझं. तो खांदा आधीच स्नायूंच्या आधाराविना लोंबतोय, ओढलास तर अजून खाली उतरेल, एवढंच म्हणाले. हे मला माहीत होतं हो! पेपरात लिहिलं होतं, आकृतीसकट. पडणाऱ्या माणसाचा हात धरायचा ही लहानपणापासूनची सवय, ती पेपराला विचारून थोडीच येते. दुसऱ्यांदा कमरेच्या बेल्टला धरलं, गुडघ्याला गुडघा लावला, काकांना पुढे झुकायला सांगितलं, आणि ते उठले. उठल्यावर सर म्हणाले, आता चेहरा बघ, चक्कर येत्येय का. मी अजून पायांकडेच बघत होते.

काका बसल्यावर म्हणाले, पोरी, हात फार गार आहेत तुझे. 😅

उद्या काकूंचं रिडिंग मीच घेणार, मॅडमना सांगून ठेवलंय. जायच्या आधी हात चोळून गरम करायचे. आणि त्या घोरणाऱ्या बाईंचं पुढे काय झालं ते विचारायचंय.