डीपीचा सा

पुण्यात माझा छोटा स्टुडिओ आहे. जाहिराती, मालिकांचं डबिंग, भावगीतांचे अल्बम, गणपतीच्या आधी आरत्या, असं वर्षभर काम चालू असतं. काम कुठलंही असो, एक झगडा रोजचा असतो. विजेची घुंई, म्हणजे आम्ही ज्याला हमिंग म्हणतो ती, कुठून शिरतेय ते शोधायचं आणि तिला बाहेर काढायचं. एकोणीस वर्षं मी हे करतोय.

त्या चौघांच्या बँडचं काम मी घेतलं ते त्यांचं वाजवणं एकदा समोर बसून ऐकलं म्हणून. गिटार, बास, ड्रम्स आणि चौथा तंबोरा. तंबोरा वाजवणारी मुलगी लहानपणापासून गाणं शिकलेली. तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी पाटाला, पिकअप चिकटवून तो ती अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवते. त्यांच्या रचनांना शब्द नाहीत, एकेक रचना वीस-पंचवीस मिनिटांची. लग्नाच्या संगीतात त्यांना कोणी बोलावणार नाही, कॉलेजच्या गॅदरिंगलाही नाही. चौघेही नोकऱ्या करतात आणि पगारातून पैसे बाजूला काढून रेकॉर्डिंग करतात. ते एकमेकांकडे कान लावून इतकं मन लावून वाजवतात, की ऐकणाऱ्याचीही बसण्याची पद्धत बदलते.

रेकॉर्डिंगसाठी त्यांनी सांगलीत हळदीची एक रिकामी वखार दोन दिवसांसाठी भाड्याने घेतली. दगडी भिंती, उंच छप्पर. टाळी वाजवली तर आवाज वर जाऊन सावकाश खाली येत होता. हळद हलवून वर्ष झालं होतं म्हणे, पण फरशीच्या फटीत ती होतीच. तासाभरात माझ्या केबल्स पिवळ्या झाल्या. ड्रमच्या पांढऱ्या कातड्यावर ड्रमरच्या बोटांचे पिवळे ठसे उमटले, ते शेवटपर्यंत तसेच राहिले.

क्लिक, म्हणजे हेडफोनमध्ये ठेका धरणारी टिकटिक, लावायची नाही, चौघांनी एकत्रच वाजवायचं, असं ठरलं होतं. वाद्यांजवळ नेहमीचे माइक लावले आणि वखारीचा आवाज घ्यायला दोन माइक लांब, मागच्या भिंतीपाशी ठेवले. हेडफोन कानाला लावला आणि हमिंग आलं.

पहिलं कारण लगेच सापडलं. दोन अ‍ॅम्प्लिफायर पुढच्या बोर्डावर होते, दोन मागच्या. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक असला की केबलच्या शील्डमधून फिरता मार्ग तयार होतो आणि गुरगुर येते. सगळं एका बोर्डावर आणलं, तंबोऱ्याचा सिग्नल ज्यातून येतो त्या डीआय बॉक्सवरचं, हा मार्ग तोडणारं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं आणि गुरगुर गेली. (अशा वेळी काही जण प्लगची तिसरी पिनच काढून टाकतात. कृपा करून तसं कधीही करू नका. गिटारवाल्याची बोटं तारेवर असतात आणि ओठ माइकला लागतात, शॉक थेट त्यालाच बसतो.)

पण एक स्वर राहिलाच. खोल, गुळगुळीत, आणि फक्त लांबच्या दोन माइकांत. मी मेन स्विच पाडला आणि बॅटरीवरच्या रेकॉर्डरने ऐकलं. तरीही तो होताच! मग मागच्या भिंतीवर तळवा ठेवला तर भिंत अगदी बारीक थरथरत होती. मागच्या दाराने बाहेर गेलो. भिंतीला लागूनच डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, होती.

आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणजे 50 हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातले पोलादी पत्रे प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणले जातात, म्हणून तो 100 हर्ट्झवर घुमतो. केबल बदलून हा आवाज जात नाही, कारण तो तारेत नसतोच, हवेत असतो. तंबोरा त्या वेळी काळी चारच्या पट्टीत लावलेला होता, म्हणजे खरज, त्याची सगळ्यात खालची तार, 104 हर्ट्झच्या जरा खाली. दोन्ही मिळून सेकंदाला जवळजवळ चार हेलकावे पडत होते. खरज छेडला की तो तापाने हुडहुडल्यासारखा ऐकू यायचा.

माझ्याकडे दोन उपाय होते. लांबचे माइक काढून टाकायचे, पण मग या वखारीत यायचंच कशाला? नाहीतर नंतर फिल्टर लावून 100 हर्ट्झ कापायचा. तोच चांगला, असं मी सांगत होतो. बासवाला माझं ऐकत मागच्या दारात उभा होता. तो म्हणाला, "दादा, तो काढू नका. आपणच खाली येऊ."

तो नोकरीने इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. चहा पिताना त्याने न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली. 1960च्या दशकात ला माँट यंग, जॉन केल हे संगीतकार आणि त्यांचे सोबती एकच स्वर तासन्‌तास धरून वाजवायचे आणि तो स्वर तिथल्या विजेच्या 60 हर्ट्झच्या हमिंगवर लावायचे. केलने हीच सवय पुढे वेल्व्हेट अंडरग्राउंड या रॉक बँडमध्ये नेली. यंग 1970पासून पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले, म्हणजे किराणा घराण्याचे. तंबोरावाली कप खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे ते फिरून मिरजेलाच आले की." किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. 1937मध्ये ते गेले, त्यांची कबरही तिथल्याच दर्ग्यात आहे. आम्ही जिथे बसलो होतो तिथून मिरज हाकेच्या अंतरावर.

मग सगळे खाली आले. बासची ए तार सैल करून 50वर आणली, गिटारची ए 100वर, डी थोडी चढवून 150वर, म्हणजे नेमका पंचम, आणि जी 200वर. तंबोरा बायकी असल्याने त्याचा खरज बरोबर 100वर येत होता, जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, 200वर. पण तारा उतरवल्यावर जवारी, म्हणजे घोडीवर तारेला येणारी झणकार, मिटली. आवाज लाकडी झाला, त्यातली धार गेली. तंबोरावाली तारेखालच्या दोऱ्याशी झटत राहिली, पण जमेना. शेवटी तिने मिरजेला फोन लावला. ज्यांच्याकडून तंबोरा घेतला होता ते सतारमेकर चाचा तासाभरात स्कूटरवरून आले. पिशवीत एक कानस, एक छोटा चाकू आणि सुताचं रीळ.

आत येताच ते थबकले. "आधी ह्यो आवाज बंद करा की."

"चाचा, तोच आपला सा आहे," ती म्हणाली.

ते काही बोलले नाहीत. डोळे मिटून उभे राहिले, मग म्हणाले, "पांढरी पाचच्या वर हाय. काळी चारला पोचत न्हाई." माझा मीटर पांढरी पाचपेक्षा 35 सेंट वर दाखवत होता. दोन पट्ट्यांमध्ये शंभर सेंट असतात. त्यांनी मीटर पाहिलेला नव्हता.

गोणपाटावर मांडी घालून त्यांनी तंबोरा आडवा घेतला. कानशीने घोडीवर तीन-चारदा हात फिरवला, फुंकर मारली. मग सुताचा तुकडा तारेखाली सरकवला आणि तो केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे करत राहिले. मी माइक जवळ नेला होता, म्हणून हे मला हेडफोनमध्ये मोठं होऊन ऐकू आलं. तार आधी बोथट वाजत होती. धागा एका जागी आला आणि तीच तार उघडली, तिच्यातून एकामागून एक वरचे स्वर चढत गेले, आणि बाहेरची डीपी त्यांच्या खाली जाऊन बसली. दोन्हींत फट राहिली नाही. आता 100 हर्ट्झ कापला असता तर तंबोऱ्याचा पायाच गेला असता. मी एक माइक काढून मागच्या दाराबाहेर डीपीच्या दिशेने लावला, कुंपणापासून लांबच. हमिंगसाठी माइक लावायची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

चार वाजताचा टेक ठीक झाला. साडेसहाला दुसरा सुरू केला. चाचा घरी जायला उठले होते, ते पुन्हा बसले.

आठ-नऊ मिनिटं झाली असतील. मला काही कळायच्या आत चाचांनी मान वर केली आणि ओठांनीच म्हणाले, "डीपी उतरली." मीटर पाहिला तर 99.8. संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात, मागणी वाढते, तेव्हा विजेची आवर्तनं किंचित मंदावतात. ही मंदी एकट्या सांगलीची नसते. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडला जोडली गेली, तेव्हापासून सगळीकडे एकच आवर्तन चालतं. म्हणजे त्या क्षणी देशभरातल्या डीपी तेवढ्याच उतरल्या होत्या.

तंबोरा 100वर, डीपी 99.8वर. दर पाच सेकंदांनी एक लांब हेलकावा येऊ लागला, आवाज भरायचा आणि ओसरायचा. चाचांचा हात तार बारीक सुरात लावायचा मणी सरकवायला पुढे झाला. तंबोरावालीने मानेनेच नको म्हटलं आणि छेडत राहिली. गिटार थांबली, बास थांबला. ड्रमरने काठ्या ठेवून मऊ गोळ्याच्या काठ्या घेतल्या आणि हेलकावा भरताना झांजेवर फक्त एक आघात दिला. पुढच्या भरतीला पुन्हा एक. दोन आघातांमध्ये पाच सेकंद. मग हेलकावा लांबला, सहा झाले, सात झाले, तसा तोही थांबत गेला. कुणी मोजत नव्हतं. सगळे भिंतीकडे कान लावून होते. बासवाला परतला तेव्हा चाचांचे डोळे मिटलेले होते आणि बोटं मांडीवर तारा छेडत होती.

टेक तेवीस मिनिटांचा झाला. मी त्यातून काहीही कापलं नाही. ऑनलाइन टाकण्यासाठी ज्यांच्याकडे पाठवला, त्यांनी पार्श्वभूमीत विजेचा आवाज आहे, दुरुस्त करून पाठवा, असं कळवून परत केला. तोच आवाज म्हणजे ही रचना, असं मी त्यांना सविस्तर लिहिलं. दुसऱ्या खेपेस तो जसाच्या तसा गेला.

काही महिन्यांनी पुण्यात एका छोट्या हॉलमध्ये त्यांनी ही रचना वाजवली. चाळीसेक माणसं होती. चाचा मिरजेहून रेल्वेने आले आणि पहिल्या रांगेत बसले. हॉलच्या आसपास डीपी नव्हती. बासवाल्याने गिटारची केबल काढली, अ‍ॅम्प्लिफायर वाढवला आणि जॅकच्या टोकावर अंगठा ठेवला. हॉलमध्ये तोच स्वर घुमला. तंबोरावाली जोड छेडून खुंटी पिळू लागली.

चाचा जागेवरूनच म्हणाले, "आज जरा चढलाय."

तिने मणी एक तसूभर सरकवला.