कोंबडीने गणित खाल्लं

शिकवायच्या कार्टूनमध्ये पात्राने डोळे मिचकावले की मुलाचं लक्ष फळ्यावरून उडालंच म्हणून समजा. हे मला कुठल्या कॉलेजात कुणी शिकवलं नाही. शहापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत, ऐंशीच्या दशकात, एका कोंबडीने शिकवलं. पुढे निवृत्त होईपर्यंत त्याच शिकवणीवर पोट भरलं.

आमच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगमध्ये मला अजूनही ‘कार्टूनवाल्या काकू’ म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे उंदीर-मांजर असतं. मी उंदीर-मांजर फारसं काढलंच नाही. मी काड्यांचे गठ्ठे काढले, पाण्याचे थेंब, घड्याळाचे काटे, पचनसंस्था, आणि हे सगळं दाखवणारी दोन वेण्यांची एक मुलगी. शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे काय लिहायचं हा माझ्या मुलाला दरवर्षी प्रश्न पडायचा. शेवटी तो ‘चित्रकला’ लिहून मोकळा व्हायचा.

जे.जे.तून उपयोजित कलेचा डिप्लोमा घेऊन मी मुंबईत जाहिरातपटांच्या एका स्टुडिओत लागले. आम्हा मुलींकडे ट्रेसिंग आणि पेंटिंग. सेल म्हणजे अ‍ॅसिटेटचा पारदर्शक ताव. त्याच्या पुढच्या बाजूने निबने रेघ ओढायची आणि तो उलटा करून मागून रंग भरायचा, म्हणजे ब्रशचे फराटे पुढून दिसत नाहीत. हातात सुती मोजे, त्यांची अंगठा आणि दोन बोटं कापलेली. कारण मोज्यात निब धरता येत नाही आणि उघडा हात टेकला तर घामाचा डाग कॅमेऱ्याखाली उठून दिसतो. पावसाळ्यात रंग वाळता वाळायचा नाही. जुलैत आम्ही पंख्यासमोर दोऱ्या बांधून सेल चिमट्यांनी लटकवायचो, तेव्हा स्टुडिओ थेट चाळीच्या गॅलरीसारखा दिसायचा.

पगार साबणाच्या आणि टूथपेस्टच्या जाहिरातींतून निघायचा. शैक्षणिक फिल्म आली की सीनिअर मंडळी नाकं मुरडायची. पैसे कमी, तेही सावकाश, आणि वर कुणी अधिकारी येऊन ‘यात बोध कुठे आहे?’ विचारणार. त्यामुळे ती कामं आम्हा नव्यांच्या गळ्यात पडायची. मला त्याचं काहीच वाईट वाटलं नाही.

तर ती कोंबडी. हातच्याच्या वजाबाकीची फिल्म होती. आजी बाजारात अंडी विकते, नात हिशेब करते. मागे अंगणात एक कोंबडी दाणे टिपते. कोंबडीची मुख्य चित्रं आमच्या सगळ्यात हुशार अ‍ॅनिमेटरने काढली होती, मधली मी भरली होती. मान कशी आधी पुढे जाते, मग अंग मागून येतं, मग क्षणभर थांबते आणि मग चोच. फार देखणी झाली होती. फिल्म मुलांना कशी वाटते हे बघायला दिग्दर्शकाबरोबर मी शाळेत गेले. टीव्ही हेडमास्तरांच्या कपाटात कुलपात. किल्ली सापडली, मग वीज गेली, मग आली. मुलं मांडी घालून बसली आणि श्वास रोखून बघत राहिली. संपल्यावर दिग्दर्शकांनी विचारलं, ‘काय पाहिलंत?’ सगळे एका सुरात, ‘कोंबडी!’ एका पोराने तर उठून मान काढून दाखवली, अगदी आमच्या टायमिंगने. आजीकडे किती अंडी उरली, हे एकालाही सांगता आलं नाही. गुरुजी बिचारे सभ्य, म्हणाले, ‘चित्रं छान आहेत.’

परत आल्यावर मी हे सीनिअरना सांगितलं, तर ते खूश झाले. कोंबडी मुलांना आवडली ना!

डोळा हलत्या वस्तूमागे जातो. शहाण्या माणसाचाही जातो. अमेरिकेत १९६९ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ हा लहान मुलांचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या तयारीत एडवर्ड पामर या संशोधकाने याची साधी परीक्षा बसवली होती. मुलासमोर टीव्ही, बाजूला स्लाइड प्रोजेक्टर. दर साडेसात सेकंदांनी स्लाइड बदलायची. मुलाची नजर टीव्हीवरून स्लाइडकडे कधी वळली, ते लिहून ठेवायचं. जिथे नजर वळली, तिथे कार्यक्रम ढिला. आमच्याकडे प्रोजेक्टर कुठला, खिडकी होती. बाहेरून एसटी गेली आणि माना वळल्या, की मी वहीत खूण करायचे. पण खिडकीने नजर पडद्यावर आहे की नाही एवढंच कळतं. पडद्यावर ती नेमकी कुठे आहे, हा पुढचा प्रश्न. आणि माझं सगळं काम त्या पुढच्या प्रश्नात होतं.

त्यात आमच्या गरिबीने मदत केली, हे कबूल करायला हवं. आपल्या टीव्हीला सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे चित्रचौकटी, लागतात. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं, तरी तीन मिनिटांच्या धड्याला सव्वादोन हजार चित्रं होतात. तेवढे पैसे कुणीच द्यायचं नाही. मग धड स्थिर ठेवायचं आणि फक्त हात वेगळ्या सेलवर हलवायचा. ओठांचंही तसंच. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटलेले दाखवले की बाकी तीन-चार तोंडांवर मराठी निभते. आणि फिल्म चार भाषांत जायची असेल, तर बोलताना पात्राला पाठमोरं करायचं नाहीतर निवेदकाच्या आवाजावर सोपवायचं. काटकसर म्हणून केलेल्या या गोष्टी. पण चित्रात एकच गोष्ट हलते आहे म्हटल्यावर मुलाला दुसरीकडे बघायला जागाच राहत नाही.

आपल्याकडच्या थोरांना हे आधीच ठाऊक होतं. १९७४ ची ‘एक अनेक और एकता’ पुन्हा लावून बघा. विजया मुळे यांची फिल्म, भीमसैन यांचं अ‍ॅनिमेशन. पाखरं जाळ्यासकट एकदम उडतात, आणि तो एकदम उडण्याचा क्षण हाच धडा आहे. तो वेगळा सांगावा लागत नाही. अ‍ॅनिमेटर राम मोहन १९५६ मध्ये सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात लागले आणि डिस्नेत काम केलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली शिकले. म्हणजे भरगच्च, वळणदार हालचालीचं शिक्षण त्यांना मिळालेलं. तरी पुढे युनिसेफसाठी त्यांनी ‘मीना’ हे कार्टूनमधलं मुलीचं पात्र उभं केलं, तेव्हा ती मुलगी किती मोजकी हलते बघा. ज्याला सगळं हलवता येतं, त्यालाच काय थांबवायचं ते कळतं, असं माझं मत. वाद घालायला या.

रंगांची भानगड वेगळीच. रंगीत प्रक्षेपण १९८२ ला आलं, पण खेड्यातल्या शाळांत बरीच वर्षं काळे-पांढरे संचच होते. अशा संचावर उजेडाचा ५९ टक्के वाटा हिरव्याचा, ३० टक्के लालचा आणि ११ टक्के निळ्याचा. त्यामुळे भडक लाल आणि गडद हिरवा हे दोन्ही एकाच करड्या रंगात विरघळायचे. लाल सफरचंदं आणि हिरवे पेरू वेगवेगळे मोजा म्हटलं, की मुलाच्या पुढ्यात सगळी सारखीच फळं. घरातला जुना पोर्टेबल संच मी मुद्दाम विकला नाही. दर धड्याचे रंग आधी त्याच्यावर पास व्हायचे. शिवाय जुने संच चित्राच्या कडा खायचे, म्हणून आकडे चारही बाजूंनी दहावा हिस्सा सोडून आत लिहायचे. आजही मी कागदावर काही लिहिते ते मधोमधच.

लग्नानंतर ठाण्यात आले आणि जेवणाच्या टेबलावर लाइट बॉक्स (खालून उजेड येणारी काचेची पेटी) मांडून घरूनच काम करू लागले. पुण्यात १९८४ मध्ये शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली होती, म्हणून मराठी शैक्षणिक कार्यक्रमांचा ओढा पुण्याकडे. वंदना टॉकीजजवळच्या स्टँडवरून एसटी पकडायची, मांडीवर चित्रांचं बाड, खंडाळ्याच्या घाटात ते ओलं होऊ नये म्हणून वर प्लास्टिक. सासूबाईंना आधी हे प्रकरण पसंत नव्हतं. मग त्यांनीच पेग बारवर, म्हणजे कागद जागच्या जागी धरणाऱ्या खुंट्यांच्या पट्टीवर, कागद अडकवून चार-चार चित्रं पटापट उलटून बघायचा नाद लावून घेतला. ‘हिचा हात अडखळतोय बघ,’ म्हणायच्या, आणि बहुतेक वेळा बरोबर असायच्या.

घरी मी पहिलं मोठं काम केलं ते पुन्हा वजाबाकीचंच. ४२ वजा १७. पडद्यावर दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. मुलगी सात काड्या मागते, सुट्या दोनच. आता एक गठ्ठा पुढे सरकतो, रबर निघतं, दहा काड्या पसरतात. इथे निवेदकाला गप्प बसवलं. संगीतही बंद. मुलगी नुसती बघते, पापणीसुद्धा हलत नाही. काड्या स्थिर झाल्यावर बारा फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद, काहीही होत नाही. मग वर अंकांतला ४ खोडला जातो आणि ३ येतो. पुन्हा अर्धा सेकंद. मग २ चे १२ होतात. काड्या हलतात तेव्हा अंक स्तब्ध, अंक बदलतात तेव्हा काड्या स्तब्ध. निर्मात्याला तो अर्धा सेकंद खटकला. टीव्ही बिघडला असं वाटेल म्हणाला. भांडून ठेवला. शाळेत दाखवला तेव्हा त्या थांब्यात दोन-तीन मुलं आपणहून म्हणाली, ‘तीन राहिले.’ त्या वेळी मला कुठल्याही पारितोषिकाची गरज वाटली नाही. (मिळालंही नाही, ते सोडा.)

पुढे २००० नंतर वाशीला ई-लर्निंगच्या एका कंपनीत लागले. सुरुवातीला ठाणे-बेलापूर रस्त्याने बसचे धक्के, मग २००४ ला ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि जिवात जीव आला. तिथे फ्लॅश या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरवर काम. मुलं हुशार, हात भराभर चालणारे. पण फ्लॅशमध्ये पहिलं आणि शेवटचं चित्र दिलं की मधली कॉम्प्युटर भरतो. ज्याला पूर्वी दिवस जायचा ते फुकटात. आणि फुकट मिळालं की माणूस हात आखडत नाही. ढग हलताहेत, झाड डुलतंय, अंक उड्या मारत येताहेत, बरोबर उत्तराला फटाके, चुकीच्या उत्तराला तर त्याहून मजेदार आवाज! मुलं मुद्दाम चुकीचं बटण दाबायची. मी बोलले की पोरं म्हणायची, ‘मॅडम, क्लायंटला रिच हवंय.’ क्लायंटला हवंच होतं. हल्ली यूट्यूबवर मुलांसाठी जे चालतं ते बघून मला त्या कंपनीची बैठक आठवते. नातवाला त्यातलं गाणं पाठ आहे, आकडे नाहीत.

त्या काळातलं काही आता उघडतही नाही. फ्लॅश प्लेयर ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला, तेव्हा वाशीची वर्षंच्या वर्षं गेली. पुण्याची बालचित्रवाणी त्याआधी २०१७ लाच बंद झालेली. सेल म्हणाल तर ते कपाटात आंबताहेत. अ‍ॅसिटेट जुनं झालं की त्याला खरोखर व्हिनेगरचा वास सुटतो आणि मागचा रंग पोपडे धरतो. कपाट उघडलं की घरचे ‘लोणचं बिघडलं का?’ विचारतात.

सध्या शहापूरकडच्या एका शाळेतल्या बाई मला व्हॉट्सअ‍ॅपवर अडलेलं सांगतात आणि मी ओपनटून्झ या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरवर छोटे तुकडे करून पाठवते. पैशांचा संबंध नाही. आता अडलंय ते ३०० वजा १२७ वर. पाठ्यपुस्तकाच्या रीतीने शतकाचा गठ्ठा सोडायचा, दहा दशकं करायची, त्यातलं एक दशक पुन्हा सोडायचं, म्हणजे दोन, नऊ आणि दहा. दोनदा सोडणं, दोनदा थांबणं, आणि मोबाइलच्या पडद्यावर शंभर काड्या केसाएवढ्या दिसणार. दुसरी रीत अशी की ३०० म्हणजे सरळ ३० दशकं धरायची, त्यातलं एक घ्यायचं, उरली २९ आणि सुटे १०. एकच गठ्ठा हलतो. माझा कल अर्थातच दुसरीकडे. बाई म्हणतात, मुलांना ३० दशकं एकदम दिसत नाहीत, त्यांना शतक फुटताना बघायचं असतं. वर्गात उभ्या त्या राहतात, मी नाही. तिसरी-चौथीला शिकवणारं कुणी हे वाचत असेल, तर तुम्ही कोणती रीत वापरता आणि मुलं नेमकी कुठे अडतात ते कळवा. तोवर मी दोन्हींच्या पेन्सिल टेस्ट, म्हणजे हालचालीचे कच्चे नमुने, करून ठेवते.