टोपण लावलं तरी दिसणारी रेघ

जयसिंगपूर-कुरुंदवाड पट्ट्यात लग्नाच्या फोटो-व्हिडिओची ऑर्डर घेताना पूर्वी मी मुहूर्त, हॉल आणि अल्बमची पानं एवढंच विचारायचो. आता हळदीला डॉल्बीबरोबर लेसर सांगितलाय का, हेही विचारतो. लोकांना वाटतं, लेसर असला की मी रेट वाढवणार. तसं नाही. मला बॅगेतून कोणती बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरणारा कॅमेरा, काढायची ते ठरवायचं असतं.

माझी मुख्य बॉडी कॅनन आर ५. २०२० मध्ये बाजारात आली तेव्हा भारतात तिची किंमत सुमारे ३ लाख ४० हजार होती, तीही लेन्स सोडून. मी ती नंतर घेतली. निम्मे पैसे उसाच्या बिलातले, निम्मे बँकेचे. खोकं उघडल्यावर वडिलांनी ती हातात घेऊन वजन बघितलं आणि "एवढ्यात पॉवर टिलर आला असता," इतकंच म्हणाले. घेण्यामागचा हिशेब सरळ होता. ४५ मेगापिक्सेलचा फोटो आणि फोरके व्हिडिओ एकाच बॉडीतून, दोन्हीकडे तडजोड न करता. कँडिडला एक, सिनेमॅटिकला एक, ट्रॅडिशनलला, म्हणजे विधींच्या नेहमीच्या शूटिंगला, दोन अशी फौज मोठ्या स्टुडिओंना परवडते. आमच्याकडे मी, माझा असिस्टंट पोरगा आणि ट्रॅडिशनलवाला मित्र. त्यामुळे माझ्या हातातल्या बॉडीला दोन माणसांचं काम करावं लागतं. उलट तिचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, गेला, तर दोन्ही कामं एकदम बसतात. हे कागदावर माहीत असणं वेगळं आणि हळदीच्या मांडवात कळणं वेगळं.

गेल्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्याच एका गावात नवऱ्याकडची हळद होती. दारात मांडव, समोर रस्त्यावर डॉल्बीची भिंत, वर ट्रसवर, म्हणजे लोखंडी सांगाड्यावर, शार्पीचे फिरते दिवे आणि तीन लेसर. मी पोहोचल्या पोहोचल्या ऑपरेटरला गाठलं. लेसर माणसांच्या डोक्याच्या वर ठेवा, खाली आणू नका, हे मी नेहमीच सांगतो. त्यानेही मान डोलावली आणि बीम वरच्या मजल्याच्या गॅलरीवर नेऊन ठेवले. साडेनऊपर्यंत सगळं व्यवस्थित चाललं. मग नवऱ्याच्या मित्रांची टोळी आली. त्यांना धुरातून आरपार जाणारा लेसर हवा होता, म्हणजे अंगावर येणारा. त्यांच्यातला एकजण ट्रसवर चढला आणि त्याने हातानेच एका लेसरचं हेड खाली वाकवलं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी पाठमोरा होतो.

वळलो तेव्हा नवऱ्याला खांद्यावर घेतलेलं होतं, तोंडभर हळद, मागे हिरवा धूर. ५० एमएमची लेन्स १.२ वर, म्हणजे पूर्ण उघडी, व्हिडिओ चालू, डोळा व्ह्यूफाइंडरला. धुरातून एक झगझगीत हिरवा झोत आला आणि गेला. पापणी लवायच्या आत. नवरा फोकसमध्येच होता, गाणंही चालूच होतं. फक्त फ्रेमच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ राहिली. मला वाटलं, दुसऱ्या लेसरचा बीम असेल. कॅमेरा जमिनीकडे केला. रेघ तिथेच. बाजूला होऊन लेन्सला टोपण लावलं. सगळी स्क्रीन काळी, आणि त्या काळ्यात ती रेघ, मध्ये एक पांढुरका ठिपका.

असिस्टंट म्हणाला, "दादा, स्क्रीन गेली काय?"

स्क्रीन गेली असती तर मी त्याला पेढे वाटायला पाठवलं असतं.

हे का होतं ते थोडक्यात सांगतो, कारण आमच्या धंद्यातही अनेकांना हे फोटोशॉपमधलं काहीतरी वाटतं. लेसरचा झोत फारसा पसरत नाही, जवळजवळ समांतर जातो. लेन्सचं कामच असं की समांतर आलेला उजेड एका बिंदूवर गोळा करायचा. भिंगाने कागद जाळायचा खेळ लहानपणी सगळ्यांनी केलाय, तेच इथे होतं. फरक एवढाच की आर ५ चा एक पिक्सेल साधारण ४.४ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहूनही लहान. त्याच्यावरची सूक्ष्म भिंगं, रंगांचे फिल्टर, खालच्या तारा जळायला फार वेळ लागत नाही. जळलेला एक पिक्सेल चालतो, आजूबाजूच्यांवरून कॅमेरा तो झाकून घेतो. पण त्या रांगेचा सिग्नल वाहून नेणारी तारच गेली, की रांगच्या रांग मरते. ती रेघ. अर्धा वॉट म्हणजे ५०० मिलिवॉटच्या वरचा लेसर सर्वांत घातक वर्गात, म्हणजे चौथ्या वर्गात धरतात, आणि मांडवात येतात ते कित्येक वॉटचे असतात. कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत लेसरचा इशारा छापलेला असतो, पण ट्रसवर चढणारा पुस्तिका वाचून चढत नाही.

जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यात फोटो काढताना सेन्सर बहुतेक वेळ झाकलेला असायचा. पुढे आरसा, मागे शटर. बटण दाबलं की क्षणभर उघडणार. आर ५ सारख्या मिररलेसचा, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचा, सेन्सर चालू असेपर्यंत सताड उघडा, कारण व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं तेही त्याच्याच नजरेतून.

मी ऑपरेटरकडे गेलो. तो पोरगा बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. हेड त्याने नव्हतं वाकवलं. मी म्हटलं, बीम वर घे. तेवढ्यात टोळीतला एकजण आला. "बंद ठेवायला पैसे दिल्यात व्हय?" मी त्याला कॅमेरा दाखवला, टोपण लावून, रेघेसकट. त्याला काही कळलं नाही आणि त्याला कळण्यासारखं काही नव्हतंही. भांडण लागणारच होतं, पण नवऱ्याचा मामा मध्ये पडला. त्याने किंमत विचारली. मी सांगितली. मामाने स्वतः ऑपरेटरला सांगून तिन्ही लेसर बंद करवले. किमतीचा आकडा ऐकून लेसर बंद झाला याचं मला तेव्हा बरं वाटलं. पुढच्याच ओळीत पाच-सहा लहान पोरं बापांच्या खांद्यावर बसून नाचत होती, आणि त्यांच्यासाठी तो बंद करा असं आमच्यातलं कुणीच म्हणालं नव्हतं, हे मात्र घरी येताना गाडीत आठवलं.

दुसऱ्या दिवशी १२ वाजून ३५ मिनिटांचा मुहूर्त. लग्नसराईत सांगली, मिरज, कोल्हापूर कुठेही फोन लावा, भाड्याची चांगली बॉडी मिळत नाही. सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या मांडवात असतात. ज्याच्याकडे होती त्याने दुपारी तीननंतर देतो म्हणून सांगितलं. माझी जुनी आरशाची बॉडी, फाइव्ह-डी मार्क फोर, ट्रॅडिशनलवाल्या मित्राच्या हातात असते आणि तिचं फोरके तसंही सेन्सरच्या मधल्या भागातूनच येतं, १.७४ पट कापून.

कापून. रात्री एकच्या सुमाराला फुटेज लॅपटॉपवर बघताना हाच शब्द डोक्यात अडकला. रेघ नेमकी कुठे आहे ते मोजलं. आर ५ चा पूर्ण फोटो ८१९२ पिक्सेल रुंद. रेघ डाव्या कडेपासून आठव्या हिश्शावर, हजाराव्या पिक्सेलच्या जवळपास. कॅमेऱ्यात १.६ क्रॉपचा पर्याय असतो. तो लावला की सेन्सरचा फक्त मधला भाग वापरला जातो, ५०८८ पिक्सेल रुंदीचा. म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड हजार पिक्सेल बाहेर. रेघ त्या बाहेरच्या पट्टीत होती! पर्याय चालू केला, टोपण लावलं, स्क्रीन काळी. पूर्ण काळी. व्हिडिओवर टाकलं. तिथेही काळी, फोरके या मधल्या भागातूनही नीट निघतं.

उरतात १७.३ मेगापिक्सेल. रात्री तेही गणित केलं. आमचा अल्बम बारा बाय छत्तीसचा, म्हणजे एक पान बारा बाय अठरा. ५०८८ पिक्सेल अठरा इंचांत बसवले तर इंचाला २८० च्या वर ठिपके पडतात. छापणारा ३०० मागतो, पण २८० आणि ३०० मधला फरक नवरीच्या आत्यालाही दिसणार नाही, आणि आत्याला सगळं दिसतं. लेन्स तेवढ्या बदलाव्या लागणार होत्या. क्रॉपमुळे चौकटीत कमी मावतं, म्हणजे १५-३५ एमएमची लेन्स २४-५६ सारखी वागणार, २८-७० ची ४५-११२ सारखी. म्हणून दिवसभर वाइड लेन्सच लावायची, आणि मांडवाचा अख्खा फोटो घ्यायचा तर माळ्यावर चढायचं. रात्रीच्या कार्यक्रमात क्रॉपने नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, वाढला असता. पण लग्न भर दुपारी, हॉलच्या बाजू उघड्या. मे महिन्याच्या उन्हाचा एवढा एकच उपयोग झाला.

लग्न लागलं. त्यात सांगण्यासारखं फार नाही आणि तेच मला हवं होतं. अंतरपाट धरल्यावर मी व्हिडिओवर होतो, शेवटच्या मंगलाष्टकाला फोटोवर आलो. अंतरपाट खाली गेला, अक्षतांचा पाऊस सुरू झाला, आणि उडणाऱ्या तांदळांतूनही फोकस नवरीच्या डोळ्यावरून हलला नाही. सेन्सर भाजलेला असतानाही बाकीची यंत्रणा इतकी शांतपणे काम करते हे बघून मला त्या बॉडीबद्दल, खरं सांगायचं तर, माणसाबद्दल वाटावी तशी माया वाटली. वडिलांना हे सांगितलेलं नाही.

जेवणाच्या पंगतीत नवऱ्याच्या नात्यातल्या मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टर भेटल्या. रात्रीची गोष्ट त्यांच्या कानावर आली होती. त्यांनी कॅमेऱ्याचं काही विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "डोळा लावलेला होता?"

"हो, उजवा."

"आणि डावा?"

डावा मी मिटतो. सुरुवातीला शिकवणाऱ्याने दोन्ही उघडे ठेव म्हणून किती सांगितलं, मला कधी जमलं नाही.

"त्यात बघताना तुम्हाला काय दिसतं? काचेतून की स्क्रीनवर?"

स्क्रीनवर, मी म्हटलं. व्ह्यूफाइंडरच्या आत बारीकशी स्क्रीनच असते, ती स्वतःच्या उजेडापेक्षा जास्त उजेड देऊ शकत नाही. मग त्यांनी जुन्या कॅमेऱ्याचं विचारलं. त्यात लेन्समधून आलेला उजेड आरशावरून, वरच्या प्रिझममधून थेट डोळ्यात येतो, मध्ये एक मॅट काच असते ती थोडा विखुरते. डॉक्टर काही क्षण पानातल्या जिलबीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "थोडाच विखुरते ना? तुमच्या डोळ्यातही भिंग आहे, आणि मागे पडदा. तो बदलून मिळत नाही. उद्या सकाळी मिरजेला या, थेंब घालून बघू."

२०२३ च्या गणपतीनंतर मिरवणुकीतल्या लेसरने रेटिनाला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याला, इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या, पुढच्या वर्षी पुणे पोलिसांनी उत्सवात लेसर बीमवर बंदीही घातली होती. वाचलं होतं मी ते. पण मिरवणुकीचं वाटलं होतं, आपल्या कामाचं नाही. मिरजेला तपासलं, पडदा स्वच्छ निघाला. तिथे मी त्यांना त्या खांद्यावरच्या पोरांबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, लहान मूल नीट सांगत नाही, एका डोळ्याने कमी दिसत असलं तरी दुसऱ्याने भागवतं. मामाला सांगून सगळ्यांना तपासायला पाठवा. मी मामाला फोन केला. दोघांचे बाप पोरं घेऊन गेले. बाकीच्यांनी "आमच्याला काय झालेलं न्हाई" असं सांगितलं.

राहिला पैशाचा विषय. बॉडीचा विमा होता. सर्व्हेअर आला, त्याने बॉडी उलटीपालटी करून बघितली. ओरखडा नाही, तडा नाही, पाणी नाही. "नुकसान दिसत नाही," असं त्याने लिहायला घेतलं. मग मी ते हळदीचं फुटेज लावलं आणि एकेक फ्रेम पुढे नेली. सेकंदाला २५ फ्रेम. एका फ्रेममध्ये नवरा, धूर, सगळं स्वच्छ. पुढच्या फ्रेममध्ये डाव्या बाजूला हिरवा-पांढरा स्फोट. त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये नवरा तसाच हसतोय आणि रेघ उमटलेली. एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागात काय झालं, ते कॅमेऱ्याने स्वतःच चित्रित केलं होतं. सर्व्हेअरने ते तीनदा मागेपुढे करून बघितलं, मोबाइलवर उतरवून घेतलं आणि मला चहा मागवला, माझ्याच दुकानात. घसारा कापून बरीचशी रक्कम मिळाली. सेन्सर बदलून आला तोवर सीझन संपत आला होता. मधली सगळी लग्नं १.६ वरच झाली आणि एकाही गिऱ्हाइकाने अल्बमबद्दल शंका काढली नाही.

त्या नवऱ्याला हे फुटेज दाखवू नये असं माझं मत होतं, पण असिस्टंटने दाखवलंच. रात्री फोन आला: "दादा, ती हिरवी लाइन येती न्हवं, ती रीलमध्ये घ्या, लई भारी दिसतीय." घेतली. त्याच्या मित्रांनी इफेक्ट कुठला म्हणून विचारलं.

आता कोटेशनच्या कागदावर एक ओळ छापलेली असते: लेसर माणसांच्या उंचीच्या वर राहील, याची जबाबदारी कार्यमालकाची. काहीजण सही करतात, काहीजण ती ओळ पेनाने खोडून देतात. खोडणाऱ्यांच्या हळदीला मी फाइव्ह-डी मार्क फोर काढतो, ट्रायपॉडवर लावतो आणि मागच्या स्क्रीनवर बघून व्हिडिओ करतो. तिचा सेन्सर गेला तर गेला. तिचे पैसे कधीच फिटलेत. व्ह्यूफाइंडरवर मात्र काळी चिकटपट्टी मारलेली आहे, असिस्टंटने चुकूनही डोळा लावू नये म्हणून. तो कुरकुरतो की पट्टीचा डिंक रबराला लागतो. लागू दे म्हणतो मी.