सोनं खरं, होन खोटा

मराठी संग्राहकाला विचारा, कुठलं नाणं हवंय? शिवरायांचा सोन्याचा होन, हेच उत्तर येईल. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेलं हे नाणं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. अस्सल होन फारच थोडे उरलेत, त्यामुळे लिलावात बोली सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट चढते. नकलाही त्यामुळेच उदंड.

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक पत्नीला घेऊन माझ्या नाण्यांच्या दुकानात आले. ओळखीतल्या कुणाकडून त्यांनी होन घेतला होता, त्यासाठी मुदत ठेव मोडली होती.

“सराफाकडे कस लावून आणलाय,” सर म्हणाले. “सोनं चोख आहे.”

सराफ खरंच बोलला होता. पण मी नाणं भिंगाखाली धरलं आणि पोटात गोळा आला. हातोड्याने ठोकलेल्या नाण्याची अक्षरं झिजली तरी त्यांच्या बुडाशी धार राहते, ठशाखाली सोनं कडेकडे सरकल्याच्या खुणा दिसतात. इथे अक्षरं पाघळलेली. ‘छ’च्या पोटात सुईच्या टोकाएवढे खड्डे, ओतताना अडकलेल्या हवेचे. कडेला कानशीचे ओरखडे.

तरीही नुसत्या नजरेवर इतकी मोठी गोष्ट सांगायची नसते. जुन्या लिलावांचे कॅटलॉग काढले. एकात हुबेहूब तसाच, पण अस्सल होन सापडला. ठसा एकच असेल तर अक्षरं जुळणारच, त्यात काही नाही. पण त्या काळी सोन्याचा प्रत्येक तुकडा वेगळा कापला जाई आणि ठसा प्रत्येक वेळी थोडा इकडेतिकडे बसे. काठावरचा कोणता ठिपका किती तुटला, गोलाई कुठे चेपली, हे दोन नाण्यांत सारखं येणं शक्य नाही. इथे सगळंच सारखं होतं. अस्सल होनाचा साचा घेऊन सोनं ओतलं होतं.

सरांनी फोटो आणि नाणं शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, “अहो, पण सोनं तर खरंय ना? मग मी जास्तीचे पैसे कशाचे दिले?”

“साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी हे ठोकलं, याचे दिले होते तुम्ही. ते यात नाही.”

गडांच्या पायथ्याशी नक्कल म्हणून स्वस्तात विकले जाणारे पितळी होन मला मुळीच खटकत नाहीत. पोरं ते हौसेने घेतात, इतिहास विचारतात. मीही ते काउंटरवर ठेवतो. पण चोख सोन्यात नक्कल ओतून, कस लावला तरी पकडली जाऊ नये अशी सोय करणारा माणूस नुसता पैसा लुबाडत नाही. अस्सल नाण्याचं वजन, ठशातली चूक, अक्षरांचं वळण यांवरून अभ्यासक टांकसाळीचा माग काढतात. अशी नक्कल त्यांच्या नोंदीत शिरली की सगळाच हिशेब चुकतो.

मी लेखी अभिप्राय दिला. तो पाहून विकणाऱ्याने निम्मेच पैसे परत केले. पोलिसांत जायला सर तयार नव्हते. बाईंची मात्र तयारी होती.

नाणं विकायचं नाही, यावर दोघांचंही एकमत झालं. “आमच्यासारखा दुसरा कुणी फसायला नको,” म्हणत बाईंनी ते सराफाकडे नेऊन आटवून घेतलं. त्याआधी मी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढून, वजनासह, ओळखीच्या सगळ्या संग्राहकांना पाठवले. त्या साच्यातून एकच नाणं निघालं असेल, असं मला वाटत नाही.