एक्स-रेने दीर्घिका बघता, म्हणजे आरपार बघता का?

मी दीर्घिकांचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचा, एक्स-रेने अभ्यास करते. हे कळलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. व्याख्यानानंतर शाळेतली मुलं विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका विचारतात, आणि गुडघ्याचा फोटो काढायला गेले तेव्हा तिथल्या तंत्रज्ञानेही विचारलं: "एक्स-रेने दीर्घिका बघता, म्हणजे त्यांच्या आरपार बघता का?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

नाही, आरपार बघत नाही. दवाखान्यात किरण सोडणारी नळी एकीकडे, पाटी दुसरीकडे आणि मध्ये तुमचं हाड असतं. फोटोत दिसते ती हाडाची सावली. आकाशात किरण आम्ही सोडत नाही. ते तिकडूनच येतात, आम्ही नुसते झेलतो. तेही जमिनीवरून नाही, कारण वातावरण हे किरण वरच्या वर शोषून घेतं. (घेतं म्हणून बरं, नाहीतर हा प्रश्न विचारायला कुणी उरलं नसतं.) त्यामुळे रॉकेट किंवा उपग्रह लागतो.

सावलीचा एक किस्सा मात्र आमच्याकडेही आहे. जून 1962 मध्ये खगोलशास्त्रज्ञ रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतून एक छोटं रॉकेट सोडलं. शोधायचे होते चंद्राकडून येणारे एक्स-रे. सूर्याचे किरण चंद्रावर पडून थोडेफार इकडे येत असतील, असा हिशेब होता. रॉकेटला पुरेशा उंचीवर जेमतेम पाच-सहा मिनिटं मिळाली. चंद्र काही हाती लागला नाही. लागलं ते भलतंच: वृश्चिकेच्या बाजूला एक प्रखर स्रोत, आणि त्याशिवाय सगळ्या दिशांनी येणारा एक मंद उजेड. प्रखर स्रोत आपल्याच आकाशगंगेतला निघाला, एक न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठा तारा फुटल्यावर उरलेला अतिशय घट्ट गाभा. सगळीकडून येणाऱ्या उजेडाचं कोडं मात्र पुढची कित्येक वर्षं पुरलं. जियाकोनींना 2002 मध्ये नोबेल मिळालं.

1990 मध्ये रोझॅट या जर्मन उपग्रहाने चंद्राचं एक्स-रे चित्र घेतलं. ते मी प्रत्येक व्याख्यानात दाखवते. चंद्राची उजेडाकडची बाजू चमकते, यात नवल नाही. अंधारातली बाजू बघा. ती भोवतालच्या आकाशापेक्षा काळी आहे. म्हणजे मागून काहीतरी येत होतं आणि चंद्राने ते अडवलं. 1962 मध्ये ज्या दोन गोष्टींची चुकामूक झाली, तो चंद्र आणि तो मंद उजेड, इथे एकाच चौकटीत आहेत.

मग हा उजेड कशाचा? सगळीकडे पसरलेल्या तापलेल्या वायूचा, की वेगवेगळे ओळखता न येणाऱ्या असंख्य ठिपक्यांचा? 1999 मध्ये चंद्रा ही एक्स-रे दुर्बीण वर गेली. नाव खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांचं. आपला चंद्र डोक्यात येऊ देऊ नका. या दुर्बिणीने दक्षिण आकाशातल्या एका तुकड्यावर वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्याने मिळून 70 लाख सेकंद, म्हणजे साधारण 81 दिवस, नजर रोखली. पौर्णिमेच्या चंद्राच्या दोन-तृतीयांश एवढीच ती जागा, आणि त्यात हजारावर स्रोत. मंद उजेडाचा बहुतेक भाग असा ठिपक्याठिपक्यांत सुटा झाला. ठिपके बहुतांशी दूरच्या दीर्घिकांच्या केंद्रातले: सूर्याच्या लाखो-कोट्यवधी पट वस्तुमानाची कृष्णविवरं, त्यांच्यात पडणारा वायू, आणि पडता पडता तापून त्याने फेकलेले किरण.

इथे हुशार मुलं हमखास अडवतात. दीर्घिका तर साध्या प्रकाशातही दिसतात, मग एवढा खटाटोप कशाला?

तर एक नमुना दाखवते. अशा स्रोतांच्या यादीतला, म्हणजे कॅटलॉगमधला, एक स्रोत घ्या. त्याच्या नावावर फोटॉन, म्हणजे किरणांचे कण, किती, तर दहा-बारा. लाख नव्हे, हजार नव्हे, दहा-बारा. जागाही अचूक कळत नाही, एक छोटं वर्तुळ मिळतं: स्रोत या आत कुठेतरी आहे. ते वर्तुळ साध्या प्रकाशातल्या फोटोवर ठेवायचं. आत काय दिसतं? एक देखणी सर्पिल दीर्घिका, एक आपल्याच आकाशगंगेतला तारा, आणि कोपऱ्यात एक लालसर डाग, जो पटकन नजरेतही भरत नाही. गुन्हेगार कोण? नवखे विद्यार्थी सर्पिलेवर बोट ठेवतात. बरेचदा निघतो तो डाग. कृष्णविवराभोवती धूळ आणि वायू इतके दाट असतात की दृश्य प्रकाश आतच अडकतो. एक्स-रे, त्यातले जास्त ऊर्जेचे, बाहेर निसटतात. म्हणजे आरपारचा प्रश्न अगदीच वेडगळ नाही: दीर्घिकेच्या आरपार आम्ही बघत नाही, पण तिच्या धुळीच्या आरपार किरण येतात. पडदा फारच जाड असेल तर तेही येत नाहीत, आणि तशी कृष्णविवरं आमच्या हातून निसटतात.

आता आधी बघून कळतच नसेल की कुठल्या दीर्घिकेत कृष्णविवर जागं आहे, तर दुर्बीण रोखायची कुणावर? म्हणून सर्वेक्षण. निवड करायची नाही, सगळं आकाश घ्यायचं. या कामी आजवरची सगळ्यात मोठी दुर्बीण म्हणजे इरोझिटा. जुलै 2019 मध्ये कझाकस्तानातल्या बैकोनूरहून निघाली आणि पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर जाऊन दर सहा महिन्यांनी अख्खं आकाश एकदा पिंजून काढू लागली. तिच्यात एकसारख्या सात दुर्बिणी, आणि प्रत्येकीत एकात एक बसवलेले 54 आरसे. समोरून आलेला एक्स-रे आरशात घुसतो, परत फिरत नाही. अगदी तिरका आला तरच, पाण्यावर चपटा दगड तिरका फेकल्यावर उडतो तसा, वळतो. म्हणून हे आरसे बशीसारखे नसतात, उभ्या नळकांड्यांसारखे असतात.

पहिली फेरी जून 2020 मध्ये संपली, म्हणजे आपण सगळे दारं लावून घरात बसलो होतो तेव्हा. तिचा कॅटलॉग 2024 च्या जानेवारीत खुला झाला. 17 कोटी फोटॉन, त्यातून सुमारे 9 लाख स्रोत. पैकी 7 लाखांवर दीर्घिकांच्या केंद्रातली कृष्णविवरं आणि 12 हजार दीर्घिकासमूह. आणि हे फक्त अर्ध्या आकाशाचं. दुर्बीण जर्मन, यान रशियन, त्यामुळे आकाशगंगेच्या केंद्रातून रेघ मारून आकाशाची फाळणी झालेली: पश्चिमेकडचं आकाश जर्मनांचं, पूर्वेकडचं रशियनांचं. युक्रेनवर हल्ला झाल्यावर फेब्रुवारी 2022 मध्ये जर्मनांनी दुर्बीण झोपवली. आठ फेऱ्या ठरल्या होत्या, पुऱ्या चारच झाल्या. या निर्णयावर मी मत देत नाही; हळहळ मात्र वाटते.

इतक्या संख्येचं करायचं काय? दीर्घिकेच्या मधल्या फुगवट्याचं वस्तुमान आणि तिच्या कृष्णविवराचं वस्तुमान यांची सांगड असते. विवर ढोबळमानाने फुगवट्याच्या हजाराव्या हिश्श्याएवढं. कृष्णविवरांची वाढ आणि ताऱ्यांचे जन्म, दोन्ही सुमारे 10 अब्ज वर्षांपूर्वी भरात होते. मग कोण कुणाला आवरतं? विवराच्या उष्णतेने वायू तापून तारे जन्मायचे थांबतात, हे उत्तर सध्या लोकप्रिय आहे. मला ते जरा घाईचं वाटतं. कृष्णविवर लहरी असतं. दीर्घिकेच्या आयुष्याच्या मानाने चुटकीसरशी पेटतं आणि विझतं. आज पेटलेलं दिसलं म्हणून शेजारच्या ताऱ्यांच्या हालहवालाचं खापर त्याच्यावर कसं फोडणार? एकेका दीर्घिकेकडे बघून हे सुटणार नाही. लाखोंनी पाहिल्या तर किती पेटलेल्या आणि किती विझलेल्या हे प्रमाण तरी कळतं.

दीर्घिकासमूहांमध्ये मात्र पुरावा ठसठशीत असतो. भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या एका दीर्घिकासमूहात तापलेल्या वायूला एक विचित्र वक्र कडा आहे, ती एक्स-रेमध्ये दिसली. ती कसली हे ठरायला रेडिओ दुर्बिणी लागल्या, त्यातली एक आपली नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी. ती कडा एका पोकळीची होती, आणि पोकळी रेडिओ किरणांनी भरलेली निघाली. मधल्या कृष्णविवराने पूर्वी कधीतरी केलेला तो उद्रेक होता. 2020 मध्ये हे जाहीर झालं तेव्हा तोवरचा सगळ्यात जोरदार मानला गेला.

"आणि आपलं कृष्णविवर?" हा शेवटचा ठरलेला प्रश्न. आकाशगंगेच्या मधलं विवर सध्या जवळजवळ उपाशी आहे. दूरच्या कुणी आज आपली नोंद घेतली तर साध्या दीर्घिकेत जमा करेल. पण इरोझिटाच्या पहिल्याच फेरीत आकाशगंगेच्या वर आणि खाली तापलेल्या वायूचे दोन अवाढव्य फुगे दिसले, प्रत्येक 40-50 हजार प्रकाशवर्षांचा. इतकी पसरलेली गोष्ट एकेक जागा न्याहाळणाऱ्या दुर्बिणीला पूर्ण दिसलीच नसती. ते विवराच्या जुन्या उद्रेकाने फुगले, की केंद्राजवळ एकाच वेळी जन्मून फुटलेल्या ताऱ्यांनी, यावर अजून वाद चालू आहे. माझा कल विवराकडे आहे. पैज लावायला सांगाल तर नाही लावणार.