एका ऑफरमागचं काम

२००४ साली भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली, तेव्हा आमच्याकडे एक जुनं मिलिंग, एक रेडियल ड्रिल आणि एक कॉम्प्युटर होता. मिलिंग आणि ड्रिल नवरा सांभाळायचा, कॉम्प्युटर मी. आम्ही एसपीएम बनवतो, म्हणजे स्पेशल पर्पज मशीन. एखाद्या कारखान्यातल्या एकाच पार्टसाठी, एकाच कामासाठी केलेलं मशीन. हे कुठल्याही कॅटलॉगमध्ये नसतं. भाव सांगण्याआधी ते डोक्यात तयार व्हावं लागतं.

आज एकवीस माणसं आहेत, गाळा स्वतःचा आहे. या वाटचालीबद्दल कुणी विचारलं की पहिली मोठी ऑर्डर, कॉम्प्युटरवर चालणारं पहिलं सीएनसी मशीन असं सांगायची पद्धत आहे. मला मात्र त्या ऑफर्सबद्दल, म्हणजे मशीन कसं असेल आणि भाव किती हे लिहून ग्राहकाला दिलेल्या प्रस्तावांबद्दल, लिहायचं आहे ज्यांचं पुढे काहीच झालं नाही. आमच्या आयुष्याचा बराच मोठा भाग त्यांत गेला.

एन्क्वायरी येते ती बहुधा दोन ओळींची. सोबत पार्टचं ड्रॉइंग आणि ‘टेक्नो-कमर्शियल ऑफर सोमवारपर्यंत पाठवा’. मग आम्ही प्लांटला जातो. आधीचं आणि नंतरचं ऑपरेशन बघतो, ऑपरेटर कुठे उभा राहतो ते बघतो. समजा, दिवसाला ८०० पार्ट हवेत आणि दोन शिफ्ट चालतात. शिफ्टचे खरे कामाचे साडेसात तास धरले तर हातात ५४,००० सेकंद येतात, म्हणजे पार्टला साडेसदुसष्ट. त्यात ८५ टक्के कार्यक्षमता धरली की उरतात ५७. या ५७ सेकंदांत पार्ट लावायचा, क्लॅम्प करायचा, काम करायचं, काढून ठेवायचा. पार्ट टेकवायचा कुठे, धरायचा कुठे, उलटा लागला तर मशीनने चालूच होऊ नये म्हणून काय करायचं, हे सगळं ऑफर लिहिण्याआधी सुटलेलं असावं लागतं. नाहीतर भाव कशाचा सांगणार? मग जनरल ॲरेंजमेंट ड्रॉइंग, म्हणजे पूर्ण मशीनच्या मांडणीचं चित्र, सिलिंडर आणि सर्व्हो मोटरची निवड, बाहेरून घ्यायच्या मालाचे भाव. माझे आठ-दहा दिवस सहज जातात. या कामाचं बिल होत नाही. धंद्यात ऑफर फुकटच द्यायची असते, हे मला मान्य आहे आणि आजही आम्ही देतो. पण फुकट दिलेल्या गोष्टीलाही किंमत असते, एवढं तरी मागणाऱ्याला ठाऊक असावं.

२००९ मध्ये एका कंपनीने लीक टेस्टिंग मशीनसाठी ऑफर मागितली. पंपाचं ॲल्युमिनियम हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच होतं, त्यात हवेचा दाब भरून गळती तपासायची. त्यांची अडचण अशी होती की चांगले पार्टही रिजेक्ट होत होते. मी दोन दिवस त्यांच्या लाइनवर उभी राहिले. हाउसिंग सरळ ठेवल्यामुळे मशिनिंगच्या बारीक चिप्स आणि कूलंटचे थेंब खालच्या सीलवर साचायचे, सील नीट बसायचं नाही आणि मशीन गळती दाखवायचं. आम्ही सुचवलं की हाउसिंग आडवं धरू आणि सील दोन्ही बाजूंनी आणू. म्हणजे काही साचणारच नाही. सहा शीट्सचं ड्रॉइंग काढलं, ऑफर दिली. त्यांच्या इंजिनिअरने तीन वेळा बोलावून घेतलं, प्रत्येक वेळी थोडं अधिक तपशिलात समजून घेतलं. मग फोन बंद झाले. ‘मॅनेजमेंट डिसिजन पेंडिंग आहे’ एवढंच उत्तर.

वर्षभराने दुसऱ्या एका मशीनच्या सर्व्हिससाठी आम्ही त्याच प्लांटमध्ये गेलो. कोपऱ्यात लीक टेस्टिंग मशीन उभं होतं. हाउसिंग आडवं, सील दोन्ही बाजूंनी. योगायोग असू शकतो, दुसऱ्यालाही तेच सुचू शकतं, असं मी स्वतःला समजावलं. पण सील बदलण्यासाठी उघडायची झडप डाव्या बाजूला होती. माझ्या ड्रॉइंगमध्ये ती डावीकडे होती, कारण मला दाखवलेल्या जागेत उजवीकडे खांब होता. हे मशीन मात्र वेगळ्या जागी होतं. तिथे उजवी बाजू मोकळी आणि डावी भिंतीला लागून. मेंटेनन्सचा मुलगा भिंत आणि मशीन यांच्यामध्ये अंग चोरून सील बदलत होता. तो खांब माझ्या ड्रॉइंगमधून आला होता.

घरी येताना आम्ही दोघंही काही बोललो नाही. रात्री नवरा म्हणाला, “भांडलो तर पुढची एन्क्वायरी जाईल.” त्याचं बरोबर होतं. आणि भांडणार तरी कशाच्या जोरावर? नंतर एका वकिलांनी समजावलं की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने आमच्या ड्रॉइंगला संरक्षण आहे, पण ड्रॉइंगमधल्या कल्पनेला नाही. कल्पनेसाठी पेटंट लागतं. आयुष्यात एकदाच बनणाऱ्या मशीनसाठी त्या वाटेला जाणं आमच्या आकाराच्या फर्मला परवडत नाही. म्हणजे इथे प्रश्न शेवटी मागणाऱ्याच्या सचोटीचाच उरतो.

सगळा दोष ग्राहकाच्या पर्चेसवाल्यांवर, म्हणजे खरेदी विभागावर, टाकणं मला पटत नाही. त्यांच्या डोक्यावर तीन कोटेशनचा नियम असतो. कंपॅरेटिव्ह स्टेटमेंटमध्ये, म्हणजे भावांच्या तुलनेच्या तक्त्यात, तीन रकाने भरल्याशिवाय फाइल वर जात नाही. यातूनच ती जुनी रीत आली आहे: “मॅडम, एक सपोर्टिंग कोटेशन पाठवा ना, रेट जरा वरचा टाका.” म्हणजे काम ज्याला द्यायचं आधीच ठरलंय, त्याचा भाव कमी दिसतो. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही अशी कोटेशनं दिली आहेत. ओळख टिकावी म्हणून दिली, आणि ते चूक होतं. २००२ च्या स्पर्धा कायद्याचं तिसरं कलम संगनमताने लावलेल्या बोलीबद्दल काय म्हणतं, हे मी फार नंतर वाचलं. पण कायदा माहीत नसला तरी कागदावर खोटा आकडा लिहिताना तो खोटा आहे हे मला कळत होतंच. ज्या दिवशी आपलं खरं कोटेशनही कुणाच्या तरी रकान्यासाठीच मागवलं होतं हे लक्षात आलं, त्या दिवसापासून आम्ही बंद केलं.

२०१६ मध्ये एका ऑनलाइन रिव्हर्स ऑक्शनमध्ये, म्हणजे विकणाऱ्यांनी भाव उतरवत जायच्या लिलावात, बसलो. तीन स्टेशनच्या असेंब्ली मशीनसाठी. अर्ध्या तासाचं घड्याळ, आणि शेवटच्या मिनिटांत कुणी भाव उतरवला की पाच मिनिटं वाढायची. स्क्रीनवर फक्त आपली रँक दिसते. आम्ही दुसरे, मग पहिले, मग परत दुसरे. तासाभराने मी पाहिलं तर आम्ही मालाच्या किमतीच्याही खाली जायला निघालो होतो. मी माउस सोडला. स्टीलच्या बारसाठी किंवा ठरावीक साइजच्या बेअरिंगसाठी रिव्हर्स ऑक्शन घ्या, माझी तक्रार नाही. तिथे सगळे एकच वस्तू विकतात. पण चार जणांनी चार वेगळी मशीनं कल्पलेली असताना फक्त आकड्यांची शर्यत लावली, तर जिंकतो तो ज्याने सगळ्यात जास्त गोष्टी विचारातच घेतलेल्या नाहीत.

याच्या अगदी उलट अनुभव एकाच कंपनीत आला, आणि तिथे आम्हाला ऑर्डर मिळाली नव्हती. त्यांनी चारही व्हेंडरना, म्हणजे ऑफर देणाऱ्या पुरवठादारांना, एकाच दिवशी, एकाच खोलीत बसवलं. सगळ्यांना तीच माहिती, तोच सॅम्पल पार्ट. पैसे मंजूर आहेत हे सांगितलं आणि बजेट साधारण किती ते लपवलं नाही. मी विचारलेल्या प्रश्नाचं लेखी उत्तर चौघांनाही गेलं. निर्णय कोणत्या तारखेला होणार ते सांगितलं, आणि त्या तारखेला खरंच फोन आला. काम दुसऱ्याला दिलं होतं. त्यांच्या इंजिनिअरने पंधरा मिनिटं काढून कारण सांगितलं: एका पार्टवरून दुसऱ्या पार्टवर जायला आमच्या फिक्स्चरला, म्हणजे पार्ट धरून ठेवणाऱ्या जोडणीला, चाळीस मिनिटं लागणार होती, निवडलेल्याला बारा. आम्ही ते फिक्स्चर नव्याने विचारात घेतलं. पुढच्या वर्षी त्याच कंपनीचं काम आमच्याकडे आलं.

पुढे सरकारी कामांसाठी नियम वाचायची वेळ आली, तेव्हा लक्षात आलं की त्या कंपनीने जे केलं त्यातलं बरंचसं केंद्र सरकारच्या २०१७ च्या जनरल फायनान्शियल रूल्समध्ये लिहिलेलंच आहे. नियम १७३. मूल्यमापन कशावर होणार ते निविदेत आधी सांगा. गुंतागुंतीच्या आणि महागड्या यंत्रांसाठी प्री-बिड, म्हणजे बोली लावण्याआधीची बैठक ठेवा. अटींबद्दल, प्रक्रियेबद्दल आणि बोली नाकारल्याबद्दल प्रश्न विचारायची वाट बोलीदाराला ठेवा. केंद्रीय दक्षता आयोगाने २००७ मध्ये असंही सांगितलं होतं की निविदा उघडल्यावर वाटाघाटी करायच्याच तर फक्त सर्वांत कमी बोलीवाल्याशी, आणि त्याही अपवाद म्हणून. सरकारी खरेदीत दुखणी नाहीत असं मी म्हणत नाही. पण खाजगी कंपनीत ‘फायनल निगोशिएशन’च्या नावाखाली माझा भाव दुसऱ्याला आणि त्याचा मला सांगितला जातो, तेव्हा तो दक्षता आयोगाचा कागद मला आठवतो.

२०१७-१८ पासून आम्ही आमची पद्धत बदलली. एन्क्वायरी आली की आधी फोनवर विचारते: पैसे मंजूर आहेत का, किती जणांना विचारलंय, ठरवणार कोण आणि कधी, आणि सध्याचा व्हेंडर असताना आम्हाला का बोलावताय. शेवटचा प्रश्न विचारायला धीर लागतो, पण त्याच्या उत्तरातून सगळ्यात जास्त कळतं. मग दोन पानांची बजेटरी ऑफर देतो, फुकट. त्यात काय होईल, साधारण किती खर्च येईल, किती आठवडे लागतील एवढंच असतं. पुढे पूर्ण कन्सेप्ट आणि ड्रॉइंग हवं असेल तर डिझाइन चार्ज घेतो. ऑर्डर आम्हाला मिळाली तर तो बिलातून वजा होतो. नाही मिळाली तर ड्रॉइंग त्यांचं, त्यांनी खुशाल कुणाकडूनही मशीन करून घ्यावं. पहिल्या वर्षी बऱ्याच जणांनी फोन ठेवून दिला. नवऱ्याला काळजी वाटायची, मलाही. पण ज्यांनी पैसे भरले, त्यांची कामं खरी निघाली.

एन्क्वायरीत नव्वद दिवसांच्या पेमेंटची अट छापलेली असते, तिथेही आता गप्प बसत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात पंचेचाळीस दिवसांची कमाल मर्यादा आहे. लेखी करार नसेल तर पंधरा. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यात आलेल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) मुदत उलटून वर्ष संपेपर्यंतही पैसे न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, म्हणून अकाउंट्सवालेही आता ऐकून घेतात.

हे सगळं मी मोठ्या अभिमानाने सांगायचे. मग कोविडनंतरच्या वर्षी तळवड्याचा आमचा फॅब्रिकेटर बेस फ्रेम पोचवायला आला. चहा पिताना सहज म्हणाला, “वहिनी, यंदा तुमच्याकडून अकरा एन्क्वायऱ्या आल्या. काम ही एकच फ्रेम. बाकीच्या दहांचं काय झालं ते तरी कळवत जा. मी रात्री बसून भावासाठी लोखंडाची वजनं काढतो हो.”

मी फाइल काढून बघितली. अकराचा आकडा खरा होता. त्यातल्या चार वेळा आम्ही आमच्या ग्राहकाला भाव सांगायचा म्हणून त्याच्याकडून आकडा घेतला होता, आमची ऑर्डर पक्की नसताना, आणि ते त्याला सांगितलंच नव्हतं. तीन वेळा काम दुसऱ्याला द्यायचं जवळजवळ ठरलेलं होतं आणि आमच्या पर्चेसच्या मुलाला तीन रकाने भरायचे होते. तो नियम मीच घालून दिला होता. एका तरी वेळी त्याने फ्रेमची जोडणी बदलून खर्च कमी करायचं सुचवलं होतं, आणि आम्ही ती सुधारणा उचलून दुसऱ्याकडून करून घेतली होती. त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले. आमच्या लीक टेस्टिंग मशीनची झडप मला आठवत होती.

दुसऱ्या दिवशी त्याला फोन करून माफी मागितली आणि त्या सूचनेचे पैसे घ्यायला सांगितले. तो नको नको म्हणत होता, पण बिलात घालून दिले. आता आमच्या एन्क्वायरीवर दोनच शिक्के आहेत: ‘फक्त अंदाजासाठी’ किंवा ‘ऑर्डर पक्की’. अंदाजासाठी असेल तर वजन काढायला लावत नाही, किलोचा साधारण भाव विचारतो. पक्क्या कामाला तिघांपेक्षा जास्त जणांना विचारत नाही, आणि ठरलेलं असेल तर एकालाच विचारतो. तीन रकान्यांचा नियम काढून टाकला. व्हेंडरने काही सुचवलं आणि काम दुसऱ्याला गेलं, तर ती सूचना त्याला विचारल्याशिवाय वापरायची नाही. निर्णय झाला की दोन दिवसांत न मिळालेल्यांना कारणासकट कळवायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड जातं, कारण ‘तुमचं काम नाही’ असं सांगायला कुणालाच आवडत नाही. पर्चेसचा मुलगा टाळतो म्हणून ते फोन मीच करते.

गेल्या महिन्यात पावडर कोटिंगचं काम दिलं. ज्याला नाही मिळालं त्याला फोन करून सांगितलं: भाव तुमचा कमी होता, पण सॅम्पल पट्टीवर कोपऱ्यांत कोटिंग पातळ निघालं. तो जरा थांबला, मग जाडीचे मायक्रॉन किती आले ते विचारलं, कोणत्या जागी मोजलं ते विचारलं. मी रीडिंग पाठवून दिली. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, पण आम्ही ट्रायलसाठी गाळा उघडला होता. सकाळी तो दारात उभा, हातात नवीन पट्टी. म्हणाला, “काम नकोय आत्ता. फक्त मोजून द्या.”