फुंकायचं नाही, ओढायचं

"बाबा, जोरात फुंका ना!" शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एक मुलगी वडिलांना सांगत होती. फुप्फुसाचं ऑपरेशन झालेलं, हातात श्वासाच्या व्यायामाचं ते तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र. चेंडू ढिम्म.

हलणार कसे? ते फुंकायचं नसतंच. आधी श्वास पूर्ण सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि हळूहळू आत ओढायचं. चेंडू वर गेला की 3 ते 5 सेकंद तसाच तोलून धरायचा. यंत्र सरळ उभं हवं. तिन्ही चेंडू उडवायची शर्यत तर नकोच; झटक्यात ओढलेली हवा फुप्फुसाच्या तळापर्यंत नीट पोचत नाही. गरगरलं की थांबायचं.

खोकला आला तर टाक्यांवर उशी दाबायची. ती हाताशी ठेवणं घरच्यांचं काम.

चालणं सपाटीवर, बोलता येईल इतक्याच वेगाने. स्टेशनचे पूल नंतर.

आणि ऑपरेशनच्या बाजूचा हात! दुखतो म्हणून अंगाशी धरून ठेवतात, मग खांदा आखडतो. फिजिओने परवानगी दिली की भिंतीवर बोटं चालवत रोज थोडा वर न्यायचा.

डिस्चार्जच्या दिवशी हे सगळं सांगतात हो. पण तेव्हा घरातलं कोणी ऐकायला असतं, की सगळे बिलाच्या रांगेत?